चोडणची पंगत

पक्षी पाहावयाचे तर पहाटे उठावे, असा सर्वसाधारण नियम सांगतात. परंतु खाडीकाठचे पक्षी सूर्यापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक अधिक पाळतात. म्हणून विद्यार्थ्यांना चोडणला नेण्यापूर्वी मी प्रथम पंचांग उघडले. कोकणातील दर्यावर्दी पंधरवड्यातील तिथीला तिनाने गुणतात व चाराने भागतात. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अदमासे वेळ. चतुर्थीस तीन वाजता भरती, म्हणजे सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. मी मराठीचा शिक्षक. तरीही या हिशेबाचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. मार्गशीर्षातील वद्य चतुर्थी आम्ही मुक्रर केली.

गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की थोड्याच वेळात चोडण बेट लागते. उतारापासून जवळच पक्षी अभयारण्याचे प्रवेशद्वार आहे. सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली १९८७ साली निवर्तले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या या अभयारण्यास त्यांचे नाव देण्यात आले. क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर. पण त्यात जीवसृष्टी किती दाटलेली आहे!

खारफुटीच्या गर्दीतून एक बांधीव पायवाट जाते. दोन्ही बाजूंच्या चिखलातून बोटभर उंचीची असंख्य मुळे वर डोकावत होती. मुळे म्हणजे जमिनीत खाली जाणारी, ही आमची समजूत येथे खोटी ठरली. पाण्याने भिजलेल्या चिखलात हवा मिळत नाही, म्हणून ही झाडे श्वास घेण्यासाठी मुळे वर काढतात. त्या मुळांमधून निवट्या उड्या मारीत होत्या. एवढासा मासा, पण पाण्याबाहेर अगदी निर्धास्त! एकच नांगी भली मोठी असलेले खेकडे ती उंचावून जणू कोणास बोलावीत होते. पांढऱ्या गळपट्ट्याचा निळा खंड्या एका फांदीवर निश्चल बसला होता. मुले इतकी शांत मी वर्गात कधी पाहिली नव्हती.

पुढे झाडी विरळ झाली आणि उघड्या पडलेल्या चिखलावर टिलव्यांचा थवा दिसला. नारिंगी-तांबड्या पायांचे हे पक्षी लडाखसारख्या थंड प्रदेशांतील दलदलींत वीण करतात व हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर उतरतात. एका विद्यार्थिनीने ते मोजले, चाळीस भरले. लांब चोच चिखलात खुपसून ते किडे, शिंपले टिपण्यात गढून गेले होते.

टिलवा उडाला म्हणजे त्याच्या पंखांवर शुभ्र पट्टा झळकतो. तो मुलांना दाखवावा, असे मला तीव्रतेने वाटले. आणि मुलांना दहा वेळा गप्प राहावयास सांगणाऱ्या मी स्वतःच जोराने टाळी वाजविली. थवा एकदम उठला, पांढरे पट्टे क्षणभर चमकले आणि सारे पक्षी नदीपलीकडे दिसेनासे झाले. मुलांनी आनंदाने चीत्कार केला.

आमच्याबरोबरचा वाटाड्या मात्र हळूच म्हणाला, “सर, भरल्या पंगतीतून उठविलेत हो त्यांना!”

मी वरमलो. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. चिखल उघडा राहतो तो ओहोटीचे काही तासच. तेवढ्या अवधीत पोट भरावयाचे आणि वसंतात उत्तरेकडे परतण्यासाठी अंगावर चरबीही साठवावयाची. वाटेत तीच शिदोरी. व्यर्थ उडण्यात तिचाच काही अंश खर्ची पडतो, आणि चरण्याची वेळ जाते ती निराळीच. हे सारे मी पुस्तकांत वाचलेले होते. टाळी वाजविताना ते आठवले नाही, एवढेच.

मी मुलांपुढे चूक कबूल केली. मग कोणी काही न सांगता सगळी मुले पायवाटेवर खाली बसली. ती विद्यार्थिनी घड्याळाकडे पाहत होती.

बऱ्याच वेळाने एक टिलवा आला, मागून आणखी काही आले.

“सर, बावीस मिनिटे,” ती कुजबुजली. “आणि आले ते सातच.”

तोवर चिखलाच्या कडेने पाणी चढू लागले होते.