कॉम्प्युटरचा सालगडी

संगमनेर तालुक्यातले एक गाव. पहाटेची वेळ. एका घराच्या ओसरीवर दूध संकलन केंद्र आहे. किटल्या घेऊन माणसे उभी आहेत. पहिले दूध काट्यावर ठेवले. काट्यावर आकडा आला, पण कॉम्प्युटरवर काही येईना. पावती निघेना.

"काल संध्याकाळी तर चालत होतं की!" घरधनी म्हणाले.

"मग आता वहीत लिहिणार? आकडा चुकला तर पैसे कोण देणार?" एक मावशी म्हणाल्या.

मावशींचे बोलणे खरे होते. दुधाचा आकडा म्हणजे घरचा बाजार, पोरांची फी.

काटा चांगला होता. वायरही तुटली नव्हती. मग झाले काय?

कॉम्प्युटरला आपण काटा जोडतो, फॅटचे यंत्र जोडतो, प्रिंटर जोडतो. प्रत्येकाची बोली निराळी. ती बोली कॉम्प्युटरला समजावणारा एक लहान प्रोग्रॅम आत असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपला जुना सालगडी बैलांच्या खोडी ओळखतो, नाही का? रात्रीतून कुणी त्याला काढून नवा गडी ठेवला तर? गडी हुशार असेल, पण बैल त्याला हात लावू देणार नाहीत. इथे तसेच झाले. रात्री कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला होता. त्याने कुणाला न विचारता नवा ड्रायव्हर घेतला. काट्याच्या केबलमधली चिप जुनी. नव्या ड्रायव्हरचे तिच्याशी जमेना.

असे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या ब्रिटनच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून घरोघर गेला. अशा केबलमधल्या नकली चिपांचा ओळख-नंबर त्याने शून्य करून टाकला. केबली बंद पडल्या. बिचाऱ्या गिऱ्हाइकाला चिप नकली आहे हे ठाऊकही नव्हते! ओरड झाली, तेव्हा तो ड्रायव्हर मागे घेतला.

आता उपाय पाहू. पडद्यावरची अक्षरे इंग्रजी असतात, म्हणून शाळेत जाणारे एखादे पोर शेजारी बसवा. विंडोज १० किंवा ११ असेल तर 'स्टार्ट'वर माउसची उजवी कळ दाबा. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. काट्याची केबल 'पोर्ट्स' या नावाखाली दिसते. बिघाड असेल तर तिच्यावर पिवळी खूण असते. तिच्यावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', मग 'ड्रायव्हर', मग 'रोल बॅक ड्रायव्हर'. म्हणजे जुना गडी परत बोलावणे. हे बटण फिकट दिसले, तर जुना ड्रायव्हर केबलबरोबर आलेल्या सीडीवरून घालावा लागतो. ती सीडी फेकू नका.

ओसरीवर एवढे केले आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पावती निघाली. मावशींनी ती स्वतः वाचून पाहिली, मगच किटली उचलली.

पण नवा गडी पुन्हा येईल, त्याचे काय? शोधण्याच्या चौकटीत 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' लिहा. जो प्रश्न येईल त्याला 'नो' म्हणा आणि 'सेव्ह' करा. एवढ्याने दर वेळी भागतेच असे नाही. विंडोजच्या 'प्रो' प्रकारात 'ग्रुप पॉलिसी'मध्ये अपडेटबरोबर ड्रायव्हर घेऊ नये असे पक्के ठरवता येते. 'होम' प्रकारात ही सोय नाही. तिथे जाणकाराला बोलवा.

मात्र रागाच्या भरात सगळेच अपडेट बंद करू नका, बरे! चोरवाटा बुजवणारे अपडेटही त्यातूनच येतात. अडवायचा तो फक्त ड्रायव्हर.