क्ष, य आणि तापमापक

बीजगणिताविषयीं विद्यार्थ्यांची एक तक्रार आम्हांस नेहमीं ऐकूं येते. अंकगणितांत निदान रुपये, माणसें आणि दिवस असतात. बीजगणितांत मात्र क्ष आणि य यांवांचून दुसरें कांहींच दिसत नाहीं. पालकहि पुसतात कीं, ह्या अक्षरांचा व्यवहारांत उपयोग तो काय? ह्या प्रश्नाचें उत्तर सूत्रें घोकून मिळणार नाहीं. म्हणून एक घरगुती प्रसंग घेऊन विचार करूं.

घरांत मूल तापानें फणफणलें आहे. घरचा तापमापक फॅरेनहाइट अंश दाखवितो. डॉक्टरांनीं मात्र सांगून ठेविलें आहे कीं, ताप ३९ सेल्सिअसच्या वर गेल्यास ताबडतोब कळवावें. आईनें तापमापकावरील कोणत्या आंकड्याकडे लक्ष ठेवावें?

फॅरेनहाइट ह्यानें आपलें माप १७२४ सालीं प्रसिद्ध केलें. सेल्सिअस ह्यानें आपलें शंभर अंशांचें माप १७४२ सालीं मांडलें. पाणी आजच्या सेल्सिअस मापाप्रमाणें ० अंशावर गोठतें व १०० अंशांवर उकळतें. फॅरेनहाइट मापाप्रमाणें तेच बिंदु ३२ व २१२ आहेत. म्हणजे एका मापाचे १०० अंश ते दुसऱ्याचे १८० अंश. अर्थात् सेल्सिअसचा १ अंश फॅरेनहाइटच्या ९/५ अंशाबरोबर होय. सेल्सिअस अंशांस क्ष व फॅरेनहाइट अंशांस य म्हटलें, तर

य = (९/५) क्ष + ३२

३९ ची नऊपट ३५१. तिला ५ नें भागून ७०.२, त्यांत ३२ मिळवून १०२.२. आईला हवा तो आंकडा मिळाला.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. क्ष + ५ = १२ ह्या समीकरणांत क्ष ही दडून बसलेली एकच संख्या आहे; तिला शोधून काढलें कीं काम संपलें. भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत अशाच अज्ञात संख्येस अव्यक्त म्हटलें आहे. परंतु वरील सूत्रांतील क्ष दडलेला नाहीं. तो चालता आहे. त्याला आपण हवी ती किंमत द्यावी, म्हणजे य ची किंमत आपोआप ठरते. क्ष च्या प्रत्येक किंमतीस य ची एक आणि एकच किंमत ठरत असेल, तर य हें क्ष चें फलन होय.

फलनाला सूत्र असलेंच पाहिजे असें नाहीं. रुग्णालयांत रोग्याच्या खाटेशीं तापाचा तक्ता टांगलेला असतो. कोणत्याहि क्षणीं रोग्याचा ताप एकच असतो. म्हणून ताप हें वेळेचें फलन आहे. उलट, १०१ अंश ताप सकाळीं आणि संध्याकाळीं असा दोनदां असूं शकेल. म्हणून वेळ हें तापाचें फलन म्हणतां येत नाहीं.

आतां फलनाचें चित्र काढूं. चौकटीच्या कागदावर एक आडवी रेषा काढावी, तो क्ष-अक्ष. तिला काटकोनांत छेदणारी उभी रेषा तो य-अक्ष. छेदनबिंदु तो आरंभबिंदु. उजवीकडे व वर धन संख्या, डावीकडे व खालीं ऋण संख्या. संख्यांची जोडी म्हणजे एक बिंदु, ही कल्पना फ्रेंच पंडित देकार्त ह्याच्या १६३७ सालच्या भूमितीवरील ग्रंथांतून जगापुढें आली; त्याच सुमारास फेर्मा ह्यानेंहि ती स्वतंत्रपणें योजिली होती. जोडींतील क्रम मात्र पाळलाच पाहिजे. (१०, ५०) आणि (५०, १०) हे दोन निराळे बिंदु आहेत.

आमच्या सूत्रावरून (−२०, −४), (−१०, १४), (०, ३२), (१०, ५०) आणि (२०, ६८) हे बिंदु मांडावे. पट्टी लावून पाहिलें तर सर्व एका सरळ रेषेंत सांपडतात. कारण उघड आहे: क्ष १० नें वाढला कीं य दर वेळीं १८ नेंच वाढतो. ९/५ हा त्या रेषेचा चढ. ३२ हें ती य-अक्षास जेथें छेदते तें स्थान. एखादा बिंदु रेषेबाहेर पडला, तर आपला हिशेब चुकला असें समजावें.

ह्या रेषेकडे पाहिलें असतां एक धोकाहि कळतो. पुष्कळ विद्यार्थी कोठेंहि त्रैराशिक लावतात. १० अंशांस ५०, तर २० अंशांस १००, असें ते म्हणतील. परंतु खरें उत्तर ६८ आहे. निरोगी शरीराचे ३७ अंश म्हणजे ९८.६ हें धरून ३९ करितां त्रैराशिक मांडलें, तर उत्तर सुमारें १०३.९ येईल. आई त्या आंकड्याची वाट पाहत बसेल, आणि डॉक्टरांना कळविण्याची वेळ केव्हांच टळून गेलेली असेल. रेषा आरंभबिंदूंतून जात असेल, तरच त्रैराशिक खरें. आमची रेषा ३२ वरून जाते.

आणखी एक मौज पाहावी. दोन्ही मापांचा आंकडा कधीं एकच येईल काय? त्याच कागदावर य = क्ष ही रेषा काढावी; दोन्ही रेषा (−४०, −४०) येथें मिळतात. बीजगणितानें पाहिलें तरी क्ष = (९/५) क्ष + ३२ ह्यावरून क्ष = −४० हेंच येतें. एकाच सत्याचे असे दोन साक्षी मिळाले म्हणजे मन निःशंक होतें.

विद्यार्थिमित्रहो, आतां हा प्रश्न स्वतः सोडवा. टाकींत २०० लिटर पाणी असून नळानें दर मिनिटास १५ लिटर पाणी पडतें. क्ष मिनिटांनंतर पाणी किती? आलेख काढा, त्याचा चढ व य-अक्षावरील छेद सांगा, आणि १० मिनिटांनंतर असलेलें पाणी २० मिनिटांनंतर दुप्पट होईल काय, तें लिहा. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलाचें उत्तर बरोबर आलें तरी 'कशावरून?' हें एकदां अवश्य विचारावें.