पंचनाम्याला तलाठी येण्याआधी

16 मे 2021 रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा पाऊस जेमतेम तीन आठवड्यांवर होता. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात कौलं उडालेल्या माणसापुढे पेच होता तो हाच. छप्पर लगेच शाकारावं, तर नुकसान दिसणार कसं? आणि पंचनाम्याची वाट बघत बसावं, तर घरातलं उरलंसुरलं भिजणार.

वाट बघू नका. ताडपत्री घाला, पण आधी फोटो काढा. माड आढ्यावर पडला असेल तर तो तोडायच्या आधीचा फोटो सगळ्यांत मोलाचा. एक फोटो खळ्यातून, अख्खं घर आणि शक्यतो घर नंबरची पाटी दिसेल असा. मग प्रत्येक खोलीत उभं राहून वर बघत: कुठलं पाखं उघडं पडलं, कुठले वासे मोडले, रिपा कुठे सुटल्या. तौक्तेनंतर कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, रेंजही नव्हती. म्हणून बॅटरी आहे तोवर हे उरका आणि रेंज मिळाली की फोटो मुंबईच्या भावाला पाठवून ठेवा.

फुटकी कौलं गडग्यापलीकडे फेकू नका. पडवीच्या कडेला खोलीवार रचा. मोडका वासा, वाकलेला पत्रा तिथेच ठेवा. नवीन कौलं-पत्रे आणले असतील तर बिल जपा.

पैशांचं गणित कळलं की हा खटाटोप कशासाठी ते कळतं. तौक्तेच्या वेळी राज्य सरकारने किमान 15 टक्के पडझडीला 15 हजार, 25 टक्क्यांना 25 हजार, 50 टक्क्यांना 50 हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख रुपये दिले. दर प्रत्येक आपत्तीला शासन निर्णयाप्रमाणे बदलतात, पण टक्केवारीचा खेळ तोच. कागदावर 15 ऐवजी 25 आले की रक्कमही बदलते. म्हणून नुसतं छप्पर दाखवून थांबू नका. मागची भिंत, हललेला चिरा, न्हाणीघर, जळलेलं वायरिंग, सगळं दाखवा. चिऱ्याच्या भिंतीतली ताजी भेग आतून तांबडी असते, जुनीला काळपटपणा आणि शेवाळ. जुनी भेग वादळाच्या नावावर खपवायला जाऊ नका. एक खोटं पकडलं की बाकीच्या खऱ्यावरही शंका येते.

कागदांत कोकणाचं खरं दुखणं म्हणजे सामाईक घर. घरपत्रक आजोबांच्या नावावर, राहतो धाकटा काका, बाकीचे चाकरमानी. अशा वेळी घरपट्टीची पावती, नमुना 8 चा उतारा, वीजबिल, राहणाऱ्याचं आधार आणि इतर हिस्सेदारांची संमतीपत्रं जवळ असू द्या. संमतीसाठी वादळाची वाट कशाला बघायची? गणपतीला सगळे घरी येतात, तेव्हाच सह्या घ्या. पैसे थेट खात्यात येतात, तेव्हा पासबुक आणि आधारवरचं नाव जुळतंय ना, खातं चालू आहे ना, हेही आधीच बघा.

पंचनाम्याला तलाठी (हल्लीचं नाव ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक आणि गावातले पंच येतात. शहरात नगरपरिषदेची माणसं. 'तुमका काय लिवचा ता लिवा' म्हणत चहा टाकायला आत जाऊ नका. सोबत फिरा. गोठा आणि मांगर बहुधा मागे असतात आणि तेच राहून जातात. बोट धरून तिकडे न्या. जनावर दगावलं असेल, भांडीकुंडी, कपडे गेले असतील तर तेही सांगा. माड-पोफळींची मोजणी कृषी सहायकाकडे, होडी-जाळ्यांची मत्स्यव्यवसाय खात्याकडे. घराच्या पंचनाम्यात ती आपोआप आली असं धरून चालू नका.

सही करण्याआधी कागद वाचून घ्या. चष्मा सापडत नसेल तर शेजारच्या पोराला वाचायला लावा. नाव, घर नंबर, टक्केवारी आणि खाते क्रमांक हे चार रकाने नीट बघा, आणि सही झाली की त्या कागदाचा फोटो काढा. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या नमुन्यावर सही नको, साहेब कितीही घाईत असले तरी.

यादी ग्रामपंचायतीत लागली की जाऊन नाव शोधा. नसेल किंवा टक्केवारी कमी लागली असेल तर तहसीलदारांच्या नावे अर्ज करा, फोटो जोडा, फेरपंचनामा मागा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.