श्रेय कोणाचे?

इतिहास शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो : इमारतीवर ज्याचे नाव, तोच तिचा एकमेव निर्माता काय? संगणकाच्या ‘लिनक्स’ या कार्यप्रणालीची कथा याच प्रश्नाचा पाठ आहे.

सन १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता व वाटता येईल अशी संपूर्ण कार्यप्रणाली उभारणे हे त्याचे ध्येय होते. पुढील काही वर्षांत तिची बहुतेक अंगे सिद्ध झाली. उणीव राहिली ती कर्नेलची, म्हणजे यंत्र आणि आज्ञावली यांना जोडणाऱ्या गाभ्याची. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी असा गाभा लिहिला. त्यावर प्रथम चालविलेल्या आज्ञावलींत ग्नूचेच ‘बॅश’ व ‘जीसीसी’ होते. १९९२ मध्ये त्यांनी ग्नूचाच परवाना स्वीकारला. प्रणाली पूर्ण झाली. नाव मात्र गाभ्याचेच रूढ झाले.

‘ग्नू/लिनक्स’ म्हणावे, असा स्टॉलमन यांचा आग्रह आहे. तो आम्हांस न्याय्य वाटतो. त्यामुळे टोरवाल्ड्स यांचे कर्तृत्व उणे होत नाही. गाभ्यावाचून बाकीची साधने अधांतरीच राहिली असती. तथापि पडद्यावर खिडक्या उघडणारी ‘एक्स’ प्रणाली एमआयटीत जन्मली. तिला या जोडनावातही स्थान नाही. जगभरातील हजारो सहकारी तर अनामच आहेत.

नाव सोयीसाठी असते, श्रेय पुराव्याने ठरते. म्हणूनच ‘लिनक्स कोणी निर्माण केले?’ या प्रश्नाच्या एकाच नावाच्या उत्तराला आम्ही पूर्ण गुण देत नाही.