दातांच्या दवाखान्यातला मदतनीस कसा निवडावा?

साधारण दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळी फुलंब्रीकडील एक मुलगी आईला घेऊन आली. वय १९, बारावी झालेली, शहरातल्या एका दातांच्या दवाखान्यात चार महिन्यांपासून कामाला. तक्रार एवढीच, की झोप लागत नाही, जेवण जात नाही. तपासताना डाव्या अंगठ्यावर टोचल्याची खूण दिसली. खोदून विचारले तेव्हा ती रडू लागली. भूल देण्याच्या वापरलेल्या सुईला टोपण लावताना सुई अंगठ्यात घुसली होती. त्याला दोन दिवस होऊन गेले होते.

"तुझ्या डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"सर, कामावरून काढतील म्हणून."

कावीळ 'ब'ची लस तिने कधीच घेतली नव्हती. दुसऱ्याच्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीप्रतिबंधक गोळ्या शक्य तितक्या लवकर, आणि काही झाले तरी ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. त्याच रात्री तिला घाटी रुग्णालयात पाठवले. दुसऱ्या दिवशी त्या रुग्णाला बोलावून रक्त तपासले. ते निर्दोष निघाले आणि सर्वांचाच जीव भांड्यात पडला. मुलगी आज ठणठणीत आहे. पण हे निभावले ते केवळ दैवाने. लस न घेतलेल्या माणसाला कावीळ 'ब'च्या रुग्णाची सुई टोचली, तर संसर्गाचा धोका ६ ते ३० टक्के असतो. एचआयव्हीचा धोका त्या मानाने पुष्कळ कमी, साधारण ३०० मध्ये एक.

वाचकहो, हा प्रश्न त्या एका मुलीचा नाही. तुमच्या तोंडात जाणारी हत्यारे तिचेच हात धुतात. म्हणून मदतनीस नेमणे ही दंतवैद्याची खाजगी बाब आहे, असे मला वाटत नाही.

कामाचे स्वरूप

दंतवैद्याने मदतीला बाई ठेवण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील डॉ. एडमंड केल्स यांनी १८८५ च्या सुमारास ती सुरू केली, असे सांगतात. त्या काळी स्त्रिया एकट्याने दंतवैद्याकडे जायला संकोचत. दवाखान्यात एखादी बाई असली की आपल्याकडेही स्त्री-रुग्णांना धीर वाटतो, हा अनुभव आहेच.

आपल्या देशात १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्यांबरोबर डेंटल हायजिनिस्ट आणि कवळ्या वगैरे बनवणारे डेंटल मेकॅनिक यांच्या नोंदणीची सोय केली. खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या मदतनिसाला त्या नोंदणीत जागा मिळाली नाही. त्यामुळे 'कोणीही चालेल' हा समज रूढ झाला. प्रत्यक्षात लाळ ओढणारी नळी धरणे, मसाला कालवणे, हत्यारे निर्जंतुक करणे, कचरा वेगळा करणे, घाबरलेल्या मुलाला सांभाळणे ही सगळी कामे याच व्यक्तीची. दात साफ करणे, इंजेक्शन देणे, दात भरणे ही कामे मात्र तिची नव्हेत. ती तिच्याकडून करून घेणे गैर आहे.

निवड करताना

माझ्या दवाखान्यात मी गेली पंचवीस वर्षे माणसे नेमत आलो आहे. चुकाही केल्या आहेत. त्यातून शिकलेल्या तीन गोष्टी तरुण दंतवैद्यांना सांगाव्याशा वाटतात.

पहिली, लिहिलेले वाचून त्याच क्रमाने काम करता येते का ते पाहा. पाच-सहा ओळींची कृती कागदावर लिहून द्या आणि करून दाखवायला सांगा. इंग्रजी फर्डे असण्यापेक्षा हे महत्त्वाचे.

दुसरी, असे विचारा : "घाईची वेळ आहे, बाहेर दहा रुग्ण बसलेत आणि चिमटा खाली पडला, तर काय कराल?" पुसून परत ठेवीन, म्हणणारी व्यक्ती चपळ असली तरी नको. "पडला म्हणून सांगेन आणि दुसरा देईन," म्हणणारी घ्या. खरे सांगण्याची सवय पुढे शिकवून येत नाही.

तिसरी, पगार ठरवण्याआधी एक दिवस काम पाहू द्या. रक्त पाहून भोवळ येते का, हे तिलाही कळेल आणि तुम्हालाही. त्या दिवसाचे पैसे मात्र द्या.

काम, वेळ, सुट्टी आणि पगार कागदावर लिहून द्यावा. दर सहा महिन्यांनी माणूस बदलणारा दवाखाना दर सहा महिन्यांनी नवशिक्याच्या हाती जातो.

पहिल्या दिवसापासून

कावीळ 'ब'ची लस ० , १ आणि ६ महिने अशी तीन वेळा घ्यायची असते. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून शक्ती आली का ते पाहावे. ही लस सरकारी कार्यक्रमातून देशभर पोहोचायला २०११ साल उजाडले. त्यामुळे आज विशीत असलेल्या अनेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. लस सुरू झाल्याशिवाय आणि शिकवल्याशिवाय नव्या माणसाच्या हाती सुई देऊ नये. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार कर्मचाऱ्यांना कावीळ 'ब' व धनुर्वाताची लस, प्रशिक्षण, रुजू होताना आणि नंतर वर्षातून एकदा तपासणी ही मालकाची जबाबदारी आहे. हा उपकार नव्हे.

सुईचे टोपण दोन हातांनी कधीही लावू नये. टोपण ट्रेमध्ये आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावी, आणि हे काम शक्यतो डॉक्टरांनीच करावे. वापरलेली सुई लगेच न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावी.

हत्यारे नुसती उकळून भागत नाही. काही जंतूंची बीजे उकळत्या पाण्यातही टिकतात. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये पाकिटबंद हत्यारांना १२१ अंश तापमान ३० मिनिटे लागते. मध्येच वीज गेली तर राहिलेली मिनिटे मोजायची नाहीत, पहिल्यापासून सुरुवात करायची. यंत्रात आपले बोअरचे जड पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटर घालावे. हे 'का' करायचे ते समजावले, तर डॉक्टर समोर नसतानाही काम नीट होते.

आणि सुई टोचलीच, तर? जखम पिळू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, लगेच डॉक्टरांना सांगावे, वेळ लिहून ठेवावी आणि तासाभरात घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात पोहोचावे. 'सांगितल्याबद्दल कोणाला काढले जाणार नाही,' हे वाक्य नेमणुकीच्या दिवशीच बोलून दाखवावे. त्या मुलीला ते कोणी म्हटले असते, तर तिचे दोन दिवस वाया गेले नसते.

रुग्णांसाठी

पुढच्या वेळी दंतवैद्याच्या खुर्चीवर बसाल तेव्हा हत्यारांचे पाकीट तुमच्यासमोर फोडले जाते का, हातमोजे नवे घातले जातात का, एवढे पाहा. शंका आली तर नम्रपणे विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. आणि घरातली मुलगी किंवा मुलगा अशा कामाला लागणार असेल, तर पगाराआधी एक प्रश्न जरूर विचारा : "लस कधी देणार?"