जुनी नाणी : फोटोवरून सौदा करताना

निजामशाहीचे तांब्याचे फलूस आणि पुढे मोगलांचे चांदीचे रुपये आपल्या अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) टाकसाळीत पडले. आपल्या मुलखाचे नाणे म्हणून सोनईच्या हौशी माणसालाही त्याची ओढ वाटणे साहजिक आहे. पूर्वी असा सौदा नाणे हातात घेऊन, वाजवून, तोलून होई. आता मोबाईलवर फोटो येतो आणि पैसे आधी मागतात. उसाच्या बिलाची रक्कम अशा सौद्यात घालण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोटोवरून नाणे नाकारता येते, पसंत करता येत नाही.

फोटो कसा तपासावा, ते आम्ही क्रमाने देत आहोत.

१) सन जुळवावा. औरंगजेबाच्या रुपयावर एका बाजूस हिजरी सन आणि दुसऱ्या बाजूस जुलूसी, म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष असते. हिजरी ११०० असेल तर जुलूस ३२ किंवा ३३ हवे. १२ दिसल्यास आकडा फिरवला असावा किंवा दोन वेगळ्या नाण्यांच्या बाजू एकत्र दाखवल्या असाव्यात.

२) आकडा बारकाईने पाहावा. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ आहे, १९३८ चा सहज मिळतो. म्हणून फोटोत ८ चा ९ करण्याचा मोह होतो. फोटो मोठा करून पाहावा. बाकी नाणे झिजलेले आणि एकच आकडा ठसठशीत, किंवा आकड्याभोवतीची जमीन पुसट असेल तर संशय घ्यावा.

३) अक्षरे पाहावीत. मकतबात शिकलेली अक्षरओळख येथे कामी येते. मोगल नाण्यांवरील फारसी मजकूर त्याच लिपीत असतो. तो आरशातल्यासारखा उलटा दिसला तर फोटो फिरवलेला आहे.

४) ओरखडे जुळवावेत. हाताने पाडलेल्या दोन नाण्यांची कड, चिरा व ओरखडे सारखे नसतात. दोन जाहिरातींत ते तंतोतंत सारखे असतील तर फोटो उचललेला असेल किंवा नाणी एकाच साच्यात ओतलेली असतील. मोबाईलमधील चित्रशोधाने तोच फोटो आणखी कोठे आहे तेही कळते.

५) नवा फोटो मागावा. नाण्याशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद, दोन्ही बाजू, कड आणि वजनकाट्यावरील आकडा मागावा. वर सांगितलेला जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. झिजल्याने वजन थोडे घटते, वाढत मात्र नाही. व्हिडिओ कॉलवर नाणे उजेडात तिरके फिरवून दाखवण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी व्यवहार नको.

एवढे सर्व जुळले तरी नाणे खरे ठरले असे नव्हे. नाणे पसंत न पडल्यास पैसे परत देण्याची अट आधी लिहून घ्यावी आणि नाणे जाणकाराच्या हाती देऊन पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी कर किंवा कमिशन मागत असेल तर देऊ नये. जुनी नाणी व नोटांच्या अशा व्यवहारात बँक पडत नाही आणि असे शुल्कही घेत नाही, हे तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. तरीही फसवणूक झाली तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.