बारमाही मैदान

मृगाच्या पहिल्या सरींबरोबर अनेक गावांतील शाळेच्या मैदानावर चिखल होतो आणि खेळाचा तास वर्गात भरू लागतो. पाऊस ओसरेपर्यंत सहामाही परीक्षा जवळ येते. उन्हाळी सुटीत शाळेच्या फाटकाला कुलूप असते. परिणामी ज्या वयात वर्षभर मोकळ्या हवेत खेळावयाचे, त्या वयातील मुलांना हिवाळ्याचे काही महिनेच लाभतात. हा दोष ऋतूंचा नाही, नियोजनाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार स्वरूपाची हालचाल आवश्यक आहे. उघड्यावरील प्रकाशाचे महत्त्व याहून वेगळे आहे. चीनमधील ग्वांगचौ येथील १२ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ वर्गाबाहेर नेण्यात आले. तीन वर्षांत या मुलांपैकी सुमारे ३० टक्के, तर अन्य शाळांतील सुमारे ४० टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसण्याचा दोष जडला. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड वर्गातील उजेडापेक्षा कितीतरी अधिक असतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

आपल्या पूर्वजांनी ऋतूनुसार खेळ योजले होते. नागपंचमीचे झोके, मंगळागौरीचा झिम्मा व फुगडी, हस्त नक्षत्रातील भोंडला हे पावसाळ्याचे आणि त्याच्या अखेरीचे खेळ. संक्रांतीला पतंग, थंडीत विटीदांडू व लगोरी, तर उन्हाळ्याच्या चांदण्या रात्री आट्यापाट्या रंगत. खेळ बदलत असे, खेळणे थांबत नसे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगणाचा समावेश आहे. मात्र कागदावरील मैदान वर्षभर वापरात राहावयाचे, तर ग्रामपंचायत व शाळा यांनी काही कामे वेळेवर करावयास हवीत. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. म्हणजे सव्वाचार गुंठ्यांच्या आसपास जागा. एवढ्या भागाला मे महिन्यातच उतार देऊन, मुरूम पसरून दाबून घेतला व कडेने चर खणला, तर पाऊस उघडताच तेथे खेळ सुरू होऊ शकतो. पावसाळ्यात वाढलेले गवत नियमित कापल्यास सापविंचवाचे भय कमी होते.

सावधगिरीही हवीच. मेघगर्जना ऐकू येताच मुलांना पक्क्या इमारतीत न्यावे, झाडाखाली थांबू देऊ नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर सोडू नये. विदर्भ-मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात खेळ सकाळी लवकर व ऊन उतरल्यावर घ्यावेत. पिण्याचे पाणी व सावली जवळ असावी. घरकामामुळे मागे राहणाऱ्या मुलींसाठी खेळाचा तास शाळेच्या वेळेतच ठेवणे इष्ट ठरेल.

या कामांना मोठा खर्च लागत नाही. मैदानाची डागडुजी पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत ठरावी आणि सुटीत फाटकाची किल्ली कोणाकडे राहील, हेही त्याच वेळी निश्चित व्हावे. गावातील मुलांचे पुढील वर्ष कसे जाईल, हे बऱ्याच अंशी या दोन निर्णयांवर अवलंबून आहे.